गिटारला वीणा म्हणू नका

आपल्याकडे एखाद्या परक्या वाद्याला सोवळ्यात घ्यायचे असले की एक ठरलेला विधी आहे. त्याच्या नावाला 'वीणा' जोडायची. मग तेच लाकूड, त्याच तारा, वाजवणाराही तोच. पण कालपर्यंत बलकावावर बसवून ठेवलेला पाहुणा आज थेट देवखोलीपर्यंत येऊ शकतो. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी रॉड सरकवत वाजवायची जी हवाईन गिटार, तिच्या नशिबी हेच आले आहे. मोहन वीणा झाली, हंस वीणा झाली, आणखीही होतील.

गैरसमज नको. पं. विश्वमोहन भट्ट यांच्या वादनाविषयी माझी काडीची तक्रार नाही. त्यांनी गिटारवर तरफेच्या आणि चिकारीच्या तारा चढवून वीस तारांचे वाद्य केले, ते रियाजाने सिद्ध केले, राय कूडर यांच्याबरोबरच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'साठी १९९४ साली त्यांना ग्रॅमी मिळाले. ज्याने वाद्य घडवले त्याने त्याचे बारसे करावे, तो त्याचा हक्क. (सरोदवादक राधिकामोहन मैत्र यांच्या एका वाद्याला हेच 'मोहन वीणा' नाव त्याआधी मिळाले होते, ही गंमत वेगळी.) माझी तक्रार आहे ती ऐकणाऱ्यांबद्दल. वीस तारा आणि वीणेचे नाव आले की यांची मान डोलते. आणि साध्या सहा तारांच्या गिटारवर कोणी एखादी जुनी धून स्वच्छ वाजवली, की तीच मान 'बरी करमणूक आहे' म्हणत दुसरीकडे वळते.

जोधपूरचे पं. ब्रिजभूषण काबरा यांनी हा विधी नाकारला. उस्ताद अली अकबर खाँचा हा शिष्य. १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी आपल्या कितीतरी घरांत होती. कॅसेट झाली, सीडी झाली, आता मोबाइलवरही आहे. संतूर शिवकुमार शर्मांचे, बासरी हरिप्रसादांची, हे कोणीही सांगेल. तिसरे नाव विचारून पाहा, आठवायला वेळ लागतो. ते काबरांचे. त्यांनी रागदारी वाजवली, आणि वाजवले त्याला गिटारच म्हटले. २०१८ साली ते गेले, तेव्हा आपल्या संगीतप्रेमी मंडळींत त्याची कितीशी चर्चा झाली? माझ्या कानावर तरी आली नाही.

काबरांचे निदान रागसंगीत होते. ज्यांनी नुसत्या धुना वाजवल्या त्यांची गत काय सांगावी! माझ्या वयाच्या माणसांना आठवत असेल, रेडिओवर एक कार्यक्रम लवकर संपला आणि बातम्यांना दोन-तीन मिनिटे उरली, की एखाद्या सिनेगीताची धून लागायची. बहुतेक वेळा ती हवाईन गिटारवरची असायची. निवेदक वाजवणाऱ्याचे नाव कधी सांगे, कधी नाही. मध्येच बातम्यांचा ठोका पडला की धून अंतऱ्यावरच तुटायची. सुनील गांगुली, बटुक नंदी, काझी अनिरुद्ध, वॅन शिप्ले ही ती माणसे. काझी अनिरुद्ध हे कवी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव. शिप्ले लखनौचे, व्हायोलिन आणि गिटार दोन्हींवर हुकमत असलेले. कॅसेटच्या दुकानांत यांच्यासाठी वेगळा कप्पा असे, पण संगीताच्या इतिहासात एक ओळही मिळणे कठीण. का, तर म्हणे ही 'नक्कल'. मूळ गाणे लताबाईंचे, रफींचे. यांनी शब्द काढून टाकले, उरले काय?

उरले काय ते जरा खोलात जाऊन पाहू, कारण हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले असते.

गाणाऱ्याला शब्द असतात. व्यंजनाला टेकून तो सुरावर उतरतो, हवा तितका वेळ स्वर धरतो, वाढवतो, बारीक करतो. ऐकणाऱ्याला अर्थ कळत असतो, त्यामुळे एखादी जागा उणी पडली तरी भाव ती सांभाळून नेतो. हवाईन गिटारला यातले काही नाही. नखीने तार छेडली की आवाज जन्मतो आणि त्याच क्षणापासून विझायला लागतो. तो विझायच्या आत रॉड पुढच्या सुरावर पोचायला हवा, आणि तेही घाई न दाखवता. नेहमीच्या गिटारवर बोट पडद्याच्या मागे टेकले की सूर पडदा ठरवतो. इथे मानेच्या टोकाला पट्टी घालून तारा उचललेल्या असतात, त्या पडद्याला लागतच नाहीत. पडदे म्हणजे रस्त्याकडेचे मैलाचे दगड, गाडी तुम्हालाच थांबवायची. रॉड नेमका त्या खुणेच्या डोक्यावर यावा लागतो. तांदळाच्या दाण्याएवढा इकडेतिकडे झाला की बेसूर, आणि ते लपवायला जागा नाही.

एवढ्यावर भागत नाही. रॉडच्या मागे डाव्या हाताची बोटे तारांवर हलकी टेकवून ठेवावी लागतात, नाहीतर तारांचा मागचा भागही थरथरतो आणि खरखर येते. उजव्या हाताच्या तळव्याने आधीची तार वेळेवर मिटवावी लागते, नाहीतर दोन सूर एकमेकांवर चढून सगळे गढूळ होते. सहा तारा बहुधा सा-ग-प अशा मेळात लावलेल्या असतात. रॉड सरळ ठेवून कुठेही न्या, मेळ मेजरचाच निघतो. मायनर हवा तर दोन-तीन तारा निवडून छेडा, नाहीतर रॉड तिरका धरा. आणि तिरका धरला की सुराचा नेम आणखी अवघड.

पण खरी कसोटी याच्या पुढे आहे. गाण्याच्या ओळीतले कुठले अक्षर नव्याने छेडायचे आणि कुठले आधीच्या सुरातून घसरत न्यायचे? प्रत्येक अक्षराला तार छेडणारा वाजवू लागला की आमच्या कचेरीतला जुना टाइपरायटर आठवतो. सगळेच घसरत नेणारा वाजवू लागला की पाळण्यात बसल्यासारखी मळमळ होते. या दोहोंच्या मधला रस्ता कोणी लिहून दिलेला नाही. तो वाजवणाऱ्याने त्या गाण्याचा उच्चार, श्वास, ठेका मनात घोळवून शोधायचा असतो. बटुक नंदींनी वाजवलेले रवींद्रसंगीत ऐका. बंगालीचे अक्षर न कळणाऱ्यालाही ओळ कुठे वळते, शब्द कुठे संपतो ते कळते. याला नक्कल म्हणायचे असेल तर मग ज्ञानेश्वरांच्या ओवीला चाल लावणाराही नक्कलच करतो.

आणि ज्या धुनेला मुळात शब्दच नव्हते, तिला कशाची नक्कल म्हणणार? १९५९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या सान्तो आणि जॉनी फारिना या दोन भावांनी 'स्लीप वॉक' नावाची धून ध्वनिमुद्रित केली. थोरला सान्तो स्टील गिटारवर, धाकटा जॉनी साथीच्या गिटारवर. जेमतेम अडीच मिनिटांची ही धून त्या सप्टेंबरात अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. एकही शब्द नाही. सी, ए मायनर, एफ मायनर, जी असे चार मेळ फिरत राहतात. सी हा षड्ज धरला तर तिसऱ्या मेळात कोमल धैवत डोकावतो, आणि सगळे हसत चाललेले असताना कोणाचा तरी आवाज भरून यावा तसे वाटते. आजही जगात कुठेही हे वाद्य शिकणारा मनुष्य ती धून वाजवून पाहतोच. सूर थोडे, चाल संथ, त्यामुळे सोपी वाटते. संथ असल्यामुळेच प्रत्येक सूर उघडा पडतो. विलंबित गाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आता दुसरा आक्षेप. तो उघडपणे कोणी बोलत नाही, पण गोव्यात तो हवेतच असतो. पेटी आमची, गिटार 'त्यांची'. चवथीच्या आरत्यांना पेटी, भजनी सप्त्याला पेटी, नाटकाच्या तालमीला पेटी. गिटार तियात्राला, लग्नाच्या रिसेप्शनला आणि सायबिणीच्या घरी. ही वाटणी इतकी मुरलेली आहे की मराठी घरातल्या पोराने गिटार हातात घेतली की आजी विचारते, 'ही कसली रे नवी हौस?'

पेटी आमची कधीपासून? तिचे पेटंट १८४२ साली पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी घेतले. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताच्या भात्याची, जमिनीवर बसून वाजवण्याजोगी केली. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती थोडीफार सैल व्हायला १९७१ उजाडले. कारण काय? ती परकी, आणि तिच्यातून मींड निघत नाही. यातले दुसरे कारण तर खरेच होते. दोन पट्ट्यांच्या मधली जागा पेटीला नाहीच. आमच्या बोरीच्या पं. तुळशीदास बोरकरांनी तिच्यातून जे काढले ते पेटी असूनही काढले, म्हणून तर त्यांचे मोठेपण. आणि हवाईन गिटार? मींड हाच तिचा जन्मस्वभाव. मींड नसलेली पेटी आपली, आणि मींडेवाचून दुसरे काही न येणारी गिटार परकी! हा न्याय कुठला? व्हायोलिनचेही तेच. ते तर इथे चर्चच्या शाळांतून शिकवले गेले, आणि आमच्या श्रीधर पार्सेकरांनी ते मैफलीत गाते केले. तेव्हा कोणी त्याला 'गज वीणा' म्हणा असा आग्रह धरला नाही. घुमटाची तर गोष्टच सोडा. ते आरतीलाही आणि मांडोलाही, दोन्ही घरचे. २०१९ साली सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य ठरवले तेव्हा दोन्हीकडून टाळ्या पडल्या.

बरे, 'पाश्चात्त्य' हा शब्द तरी हवाईन गिटारला लागू पडतो का? नकाशा घेऊन पाहा. हवाई बेटे आपल्यापासून जपानच्याही पूर्वेला, पॅसिफिक महासागराच्या मध्यावर. १८३०च्या दशकात तिथल्या राजाने गुरे आवरायला मेक्सिकोकडचे गुराखी आणले, त्यांच्याबरोबर गिटार आली. १८७९ साली मदैरा बेटावरून पोर्तुगीज मजुरांचे जहाज आले, त्यांच्या छोट्या 'ब्रागिन्या'पासून उकुलेले झाले. पोर्तुगीजांचे सामान कुठे कुठे पोचले ते गोवेकराला सांगायला नको. पुढे लाई गावच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने १८८९च्या सुमारास गिटारच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवत वाजवायची रीत बसवली. १९०४ साली तो बेट सोडून बाहेर पडला, अमेरिकेत आणि युरोपात वाजवत, शिकवत फिरला, आणि १९३२ साली न्यू जर्सीत वारला. हे वाद्य आकार घेत होते त्याच वर्षांत, १८९३ साली, हवाईची राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली आणि १८९८ साली अमेरिकेने ती बेटे आपल्या घशात घातली. राज्य गेले, वाद्य जगभर गेले. ज्या लोकांचे सगळे गोऱ्यांनी घेतले त्यांच्या वाद्याला आपण 'गोऱ्यांचे' म्हणून दाराबाहेर ठेवायचे, आणि तेही गोव्यात बसून!

हिंदुस्थानात ते रुजले ते मुख्यतः कोलकात्यात. लाईलाच वाढलेले ताउ मोए आपल्या कुटुंबासह जगभर कार्यक्रम करत हिंडत. १९४०च्या दशकात त्यांचा मुक्काम कोलकात्यात पडला, त्यांनी वाजवले आणि शिकवले. तिथून बंगालच्या मध्यमवर्गीय घरांत मुलामुलींच्या मांडीवर ही गिटार आली, आणि त्या गिटारवर आले रवींद्रसंगीत, नझरुलगीते, मग मुंबईची सिनेगीते. बंगाल्यांनी वाद्याची जात विचारली नाही. आपले गाणे त्यात बसते का एवढेच पाहिले.

हे सगळे आज लिहायचे कारण सांगतो. गेल्या वर्षी आमच्या भागात एका संस्थेची वाद्यवादन स्पर्धा होती. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा हवाईन गिटार घेऊन आला. वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे तो तीन वर्षे शिकतो आहे. दीनानाथांनी गाजवलेले एक नाट्यपद तो वाजवणार होता, आलापासह. नावनोंदणीच्या टेबलावर त्याला सांगितले, 'नियमात भारतीय वाद्ये असे आहे.' त्याच्या आधीच्या दोघांनी पेटी वाजवली होती, एका मुलीने व्हायोलिन. मी सरकारी कचेरीत वीस वर्षे टिपणे लिहिली आहेत. नियम कधी वाचला जातो आणि कधी काढला जातो, यातला फरक मला कळतो. मी विचारले, पेटी आणि व्हायोलिन भारतीय कसे? उत्तर आले, 'ती आता आपली झाली.' मग ही कधी व्हायची? 'बघूया पुढच्या वर्षी.' तेवढ्यात संस्थेतल्याच एका सद्गृहस्थांनी, अगदी मदतीच्या भावनेने, तोड काढली: 'फॉर्मवर वाद्याचे नाव गिटार न लिहिता स्लाइड वीणा लिही, मग आमची हरकत नाही.'

मुलगा म्हणाला, 'पण काका, ही गिटार आहे.' आणि गवसणीत घालून ती घेऊन गेला.

त्या काकांना वाईट वाटले असेल तर नवल नाही, त्यांनी रस्ता दाखवला होता. पण तो रस्ता कसला? खोटे नाव सांगून आत यायचे. असली सवलत गोव्याच्या इतिहासात माणसांनाही बरीच मिळाली आहे. तिची किंमत काय पडते ते दोन्ही धर्मांच्या घरांना ठाऊक आहे.

आता काही विद्वान दुसऱ्या टोकाने मदतीला येतात. म्हणतात, अहो हे मूळचे आपलेच! विचित्र वीणा काचेच्या बट्ट्याने वाजवत नव्हते का? दक्षिणेत तंजावरकडच्या सखाराम रावांनी गोट्टुवाद्यम गाजवले ते काय होते? शिवाय गॅब्रिएल डेव्हिअन नावाचा भारतात जन्मलेला एक मनुष्य केकुकूच्या आधीच होनोलुलूत असे वाजवत होता, अशीही कथा सांगितली जाते. असेल. विचित्र वीणा थोरच, सखाराम राव थोरच. पण उद्या कोणी सिद्ध केले की डेव्हिअनची कथा बनावट आहे, तर काय त्या मुलाचा कोमल गंधार चढा लागेल? वाद्याला आत घ्यायला त्याचे गोत्र शोधावे लागणे हाच मूळ रोग. संतूर काश्मीरच्या सूफियाना मैफलींतले. १९५५ साली मुंबईत शिवकुमार शर्मांनी ते रागदारीच्या मंचावर आणले तेव्हाही नाके मुरडली गेली, यात मींड कुठे म्हणून. मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथांनी सॅक्सोफोनवर कर्नाटकी संगीत वाजवले, आणि त्याला सॅक्सोफोनच म्हटले. दक्षिणेतले कडक सोवळेवाले ऐकू शकले, मग आपल्यालाच काय धाड भरली आहे?

वाजवणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू धरली. हल्ली हवाईन गिटारवाले जे काही करतात त्यातले बरेचसे ऐकवत नाही. बाजारात मिळणारा तयार ट्रॅक लावायचा, आवाजाला विहिरीत पडल्यासारखा घुमारा द्यायचा, आणि रॉड सतत थरथरवत ठेवायचा. ती थरथर म्हणजे बेसूर लपवायची गोधडी असते. सूर लागला असेल तर तो क्षणभर स्थिर ठेवा, ऐकू द्या आम्हाला. गाणे कोणाचे आहे ते माहीत नसेल तर आधी मूळ ऐका, दहा वेळा, शब्द पाठ होईपर्यंत. नाट्यपद वाजवायचे तर तबल्याच्या जिवंत साथीवर वाजवा, मोबाइलवर नको. आणि यूट्यूबवर त्याच त्या पाच सिनेगीतांचे किती दळण दळणार? अभिषेकीबुवांनी लावलेल्या चाली पडल्या आहेत, मांडो पडले आहेत, आमची धालोगीते पडली आहेत. मांडोची ती संथ, मध्येच गळ्याशी येणारी चाल या वाद्यासाठीच केली असावी असे मला वाटते. मराठी घरातल्या मुलाने हवाईन गिटारवर मांडो वाजवला तर आभाळ कोसळणार नाही.

बाकी अडचणी आहेतच. दुकानात हवाईन म्हणून तयार वाद्य सहसा मिळत नाही. साधी गिटार घेऊन तारा उचलून घ्याव्या लागतात. जाड, जड, गुळगुळीत रॉड बाहेरून मागवावा लागतो. शिकवणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्या मुलाच्या गुरुजींचे वय ऐंशीच्या घरात. त्यांचे हात अजून चालतात तोवर तीन-चार पोरांना त्यांनी तयार करावे अशी इच्छा असेल, तर पोरांना वाजवायला मंच लागेल. म्हणून यंदाच्या स्पर्धेसाठी त्या संस्थेकडे मी एक लेखी सूचना दिली आहे. 'भारतीय वाद्ये' हे शब्द काढावेत आणि तिथे लिहावे: 'राग, नाट्यपद, भजन, लोकगीत अथवा कोणतीही धून एकट्याने सुरात वाजवता येईल असे कोणतेही वाद्य. वाद्याचे नाव स्पर्धक सांगेल तेच लिहून घ्यावे.' सोबत पोचपावती घेतली आहे, आवक क्रमांकासह.

त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ टाकली आहे. मंचावर गादी आणि लोड असतात. गिटार मांडीवर सपाट राहायला हवी, तेव्हा स्पर्धकासाठी बिनहाताची एक खुर्ची ठेवावी.